सुपारीएवढं फुटवॉल

ही गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली आहे आणि एकदाही पूर्ण सांगितलेली नाही. लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, माझ्याच निवृत्तीच्या समारंभात. कोणीतरी म्हणायचं, "सर, ते तुमच्या सोलरचं सांगा ना," आणि मी घसा खाकरून सुरू व्हायचो. वानरं यायची, वरणाच्या वासाची बॅटरी यायची, टीव्हीतले देव लहान लहान होत जायचे. लोक पोट धरून हसायचे. शेवटी मी हात झटकून म्हणायचो, "काय करता, बॅटरीवाल्यानं फसवलं." तिथे गोष्ट संपायची.

ती तिथे संपत नाही. पुढचा भाग मी इतकी वर्षं टाळत आलो. आता डॉक्टर माझ्या तब्येतीबद्दल माझ्याशी न बोलता सुनेशी बोलतो, त्यावरून किती वेळ उरला आहे याचा अंदाज येतो. म्हणून एकदा सगळं सरळ लिहून ठेवतो. हसू येईल तिथे हसा. मीही हसतच राहिलो, तोच तर घोटाळा झाला.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तो आमच्याकडे. लहान, काळा-पांढरा, पण गाडीच्या बॅटरीवरही चालणारा, याचा मला फार अभिमान. छपरावर उंच बांबू, बांबूवर अँटेना, अँटेनाचं तोंड नागपूरकडे. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या बैठकीत यायची. दारात चपलांचा एवढा ढीग की आम्हाला घराबाहेर पडायचं असलं तरी पडता येत नसे. टीव्हीतला शंख वाजला की लाइन जायची. रोज कधीही जायची, पण रविवारी शंखाचीच वाट पाहायची.

अशाच एका रविवारी मी अंधारलेल्या टीव्हीपुढे उभा राहून जाहीर केलं की यापुढे आपल्या गल्लीत देव सूर्यावर चालतील. मी मास्तर होतो. लोकांनी माना डोलावल्या.

पॅनल मिळालं ते एका संत्र्याच्या ट्रकच्या कृपेने. रामाकोन्याच्या पुढे एका गावात सौरऊर्जेचा दिवा लागला होता. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने तो खांबासकट आडवा केला. पॅनल रीतसर भंगारात गेलं आणि भंगारवाल्याकडून माझ्या घरी आलं. काच एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली होती. बायकोने ते चारही बाजूंनी पाहिलं.

"फुटका आरसा घरात कायले आणला?"

"आरसा नाही. यातून वीज निघते."

"कुठून? फुटलं तिथून?"

वीज निघत होती. व्होल्टमीटर लावून मी तिला दाखवलं. तिने काटा हललेला पाहिला आणि म्हणाली, "हलला. मंग?" मग साठवायला बॅटरी पाहिजे. आणि बॅटरी म्हटलं की सौंसरमध्ये एकच माणूस.

बस स्टँडच्या मागे टिनाच्या एका खोलीत त्याचं दुकान होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही म्हणायचो. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा, बारीक अंगाचा, ॲसिडने शर्टाची चाळणी झालेली. तरुणपणी तिगाव स्टेशनात त्याने सिग्नलच्या बॅटऱ्यांना पाणी घालायचं काम केलं होतं. शिक्षण तिथलंच. आसपासच्या सगळ्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या बॅटऱ्या त्याच्याकडे चार्जिंगला यायच्या. त्याच्याकडे काचेची नळी होती, आत तरंगणारा काटा, त्यावरून बॅटरी किती भरली ते कळतं. पण नळी तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती वापरायचा. स्वतःसाठी तो बॅटरीला कान लावायचा. आजारी माणसाच्या छातीला डॉक्टर लावतो तसा, डोळे मिटून.

"ऐका मास्तर," पहिल्याच दिवशी त्याने मला वाकायला लावलं. आत बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. "भरली का अशी बोलते. उपाशी असली तं चूप राह्यते."

त्याने मला ट्रकमधून निघालेली एक बॅटरी निवडून दिली, तिच्या दोन प्लेटा बदलल्या, आणि जोडणी करायला स्वतः घरी आला. पॅनल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. तिथून वायर खाली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फळीवर बॅटरी. सगळं झाल्यावर त्याने खिशातून सुपारीएवढा एक गोल धातूचा तुकडा काढला, ट्रकच्या आल्टरनेटरमधून काढलेला, एका बाजूला शेपटीसारखी तार. तो त्याने पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये जोडला.

"हे फुटवॉल आहे," तो म्हणाला.

आमचा भाग संत्र्याचा. विहीर, मोटरपंप आणि फुटवॉल इथल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पाइपाच्या तळाशी विहिरीत बसवलेली ती झडप, पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही.

"दिवसा आरशातून करंट बॅटरीत येते," मिस्त्री सांगत होता. माझ्या बायकोचा शब्द त्याने लगेच उचलला होता. "रात्री आरसा थंडा अन् बॅटरी भरलेली. मंग करंट म्हणते, चला वापस. हे मधात बसून राह्यते अन् म्हणते, नाही, वापस नाही जायचं."

"याला डायोड म्हणतात," मी म्हणालो.

"हाव, तेच. फक्त काढू नका."

"मिस्त्री, मी भौतिकशास्त्र शिकवतो."

"म्हणूनच सांगून राहिलो," तो म्हणाला, आणि माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला.

पहिले पंधरा दिवस आमच्या घरात सूर्य नांदला. लाइन गेली की गल्लीत काळोख आणि आमच्याकडे ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब. समोरच्या काकूंना इतका उजेड सहन होईना, त्या डोळ्यांवर हात धरून साखर मागायला यायच्या. रविवारी लाइन गेली, मी वायर जोडली, देव पुन्हा उभे राहिले. एका म्हातारीने आधी टीव्हीला आणि मग मला नमस्कार केला. माझं डोकं फिरलं ते तिथेच.

आता बॅटरीत डिस्टिल वॉटर घालावं लागतं. मिस्त्रीकडे ते मिळत होतं. पण विज्ञानाचा मास्तर पाणी दुसऱ्याकडून आणतो म्हणजे काय? मी प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी शाळेतली रबरी नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून नेली आणि थेंब थेंब बाटली भरली. कुकर आदल्या दिवशी वरणाचा होता. पुढे महिन्याची तपासणी करायला मिस्त्री आला, त्याने बॅटरीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि झाकण हळूच परत ठेवलं.

"मास्तर, बॅटरीले फोडणी देली का?"

मग पँटचं प्रकरण. ॲसिडचा थेंब कपड्यावर पडला तर त्या दिवशी काही दिसत नाही. कपडा धुतला की भोक पडतं. मी बॅटरी सरकवताना तिच्यावर बसलो होतो, हे मला आठवतही नव्हतं. पँट धुऊन, इस्त्री करून मी शाळेत घालून गेलो, नेमकी शाळा-तपासणीच्या दिवशी. फळ्याकडे वळून मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतो आणि मागे वर्ग खुसखुसत होता. साहेब शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, शिक्षक प्रयोगशील आहेत.

छपरावर वेगळंच. काच उन्हात तापते, हे आधी वानरांना कळलं आणि मग बायकोला. वानरं सकाळी पॅनलवर पाठ शेकत बसायची. ती उठली की बायको तिथे संत्र्याची सालं वाळत घालायची.

"अवो, त्यावर सावली पडते," मी खालून ओरडायचो.

"सालं केवढी, सूर्य केवढा. थोडंसं ऊन घेऊन राहिली, संपून नाही जात."

हे सगळं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग एका दुपारी मला सुट्टी होती.

मी शाळेतला व्होल्टमीटर घरी आणला आणि जागोजागी लावून पाहिला. त्या सुपारीच्या अलीकडे जेवढं व्होल्टेज होतं, त्याहून पलीकडे पाऊण व्होल्ट कमी. पुन्हा मोजलं, तेवढंच. हा प्राणी माझ्या बॅटरीच्या दारात बसून पाऊण व्होल्ट खात होता. मी इतका चिडलो की बायकोला झोपेतून उठवून काटा दाखवला. ती म्हणाली, "मिस्त्रीनं सांगतलं होतं ना, काढू नका." मी म्हणालो, मिस्त्री मेहनती आहे, पण त्याला काही मोजमाप नाही. आणि ती सुपारी काढून वायर सरळ जोडून टाकली. काटा वर गेला. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

सुपारी दोन दिवस टेबलावर पडून होती. मग बायकोने तिच्या शेपटीला दोरा बांधला आणि दुधावर झाकायच्या क्रोशाच्या जाळीला, जिथला एक मणी तुटून गेला होता तिथे, शिवून टाकली. छान वजन होतं तिला. वाऱ्याने जाळी उडत नसे.

आठ-दहा दिवस काही झालं नाही, त्यामुळे आणि त्यामुळेच मी फसलो. बॅटरी मोठी, गळती हळू. पॅनल तडकलेलं असल्याने गळती जास्त, आणि थंडीचे दिवस लागल्याने रात्री लांब. हे आज सांगता येतं. तेव्हा एवढंच दिसलं की बल्ब रोज थोडा पिवळा होत चालला आहे.

आणि तो रविवार आला. गल्ली जमली, चपलांचा ढीग झाला, शंख वाजला, लाइन गेली. मी ऐटीत वायर जोडली. देव आले. पण थोडे लहान. बॅटरीत दम नसला की त्या टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आत सरकायचं. आधी काळी चौकट आली. मग देव पोस्टकार्डाएवढे झाले. मग पोस्टाच्या तिकिटाएवढे. राक्षसही तेवढाच, त्यामुळे युद्धात काही फरक पडत नव्हता. शेवटी मधोमध एक पांढरा ठिपका उरला. त्या म्हातारीने ठिपक्यालाही हात जोडले.

"कोणते देव आहे हे?" मागून कोणीतरी विचारलं आणि घर हसण्याने दणाणलं.

मी हसलो नाही. मी चोर शोधायला लागलो. आधी वानरांवर संशय घेतला, त्यांना फटाके लावून पळवलं. मग सालांवर. बायकोने सालं अंगणात हलवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरी सकाळी बॅटरी रिकामी. मग मला वाटलं कोणीतरी रात्री वायर टाकून वीज चोरतं. मी बॅटरीसाठी लाकडी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. सकाळी कुलूप तसंच आणि बॅटरी रिकामी.

"चोर भला आहे," बायको म्हणाली. "घेऊन गेला, वरून कुलूप लावून गेला."

"मग बॅटरीच खोटी आहे," मी म्हणालो.

ती जाळी उचलून दूध ओतत होती. तिने सुपारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ते फुटवॉल..." एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी ऐकलं होतं.

त्या दिवशी बाजार होता. मी बॅटरी रिक्षात घालून बस स्टँडमागे नेली. मिस्त्रीच्या दुकानापुढे पाच-सहा ट्रॅक्टरवाले बाकावर बसले होते, सगळे ओळखीचे, अर्ध्यांच्या मुलांना मी शिकवलेलं. त्यांच्यासमोर मी मोठ्याने म्हणालो की तुम्ही मला मेलेली बॅटरी रंगवून दिली.

मिस्त्री उठला. हात पुसले. रागावला नाही. "पाह्यतो ना," म्हणाला, आणि बॅटरीला कान लावला. मग वर पाहिलं. "उपाशी आहे. पण मेली नाही वाटत. मास्तर, ते फुटवॉल लावलेलंच आहे ना?"

आता इथेच थांबतो थोडं. कारण शंभर वेळा सांगताना हा प्रश्न मी गाळून टाकला.

मला उत्तर माहीत होतं. सुपारी कुठे आहे तेही माहीत होतं. त्या क्षणी मला कळलंही, अंधुकसं, की कदाचित तेच. पण बाकावर सहा जण बसले होते आणि मी भौतिकशास्त्र शिकवत होतो.

"लावलेलं आहे," मी म्हणालो.

"मी येऊन पाह्यतो एकदा."

"काही गरज नाही. मी स्वतः व्होल्टमीटरनं तपासलं." घरी आला तर चहा द्यावा लागला असता. चहा म्हटलं की दूध आलं, आणि दुधावर ती बसली होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाकावरच्या लोकांना म्हणाला, "मास्तर सांगून राहिले म्हणजे लावलेलं असन. मंग माझ्याच हाताची चूक." आणि त्याने मला दुसरी बॅटरी दिली. स्वतःच्या दुकानात वापरायची, चांगली.

तीही पंधरा दिवसांत रिकामी झाली. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय मास्तर, देव किती मोठे झाले?" आणि मी म्हणायचो, मिस्त्रीचं काम आता पहिल्यासारखं नाही. एकदा म्हणालो, मग म्हणत राहिलो. लोक हसायचे म्हणून थोडं वाढवूनही म्हणालो. माझा शब्द चालला, कारण मी मास्तर होतो. आणि तो बौद्ध वस्तीतला होता म्हणूनही चालला, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टरवाले बॅटऱ्या पांढुर्ण्याला न्यायला लागले.

एकदा त्याच्या दुकानावरून जाताना पाहिलं, त्याने माझी पहिली बॅटरी फोडून तिच्या सगळ्या प्लेटा वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या आणि एकेक उन्हात धरून पाहत होता. दोष सापडत नव्हता. कसा सापडणार? दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बॅटरीला त्याने कान लावला, उठला, मग काचेची नळी घातली, मग पुन्हा कान लावला. स्वतःच्या कानावरचा त्याचा भरवसा गेला होता. मी सायकल न थांबवता पुढे गेलो. उन्हाळ्यात त्याची टिनाची खोली बंद झाली. तो पांढुर्ण्याला गेला आणि सायकली दुरुस्त करायला लागला असं कळलं. सायकलला कान लावावा लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात मी एका ओळखीच्या संत्र्याच्या बागेत गेलो होतो. सकाळची वेळ. बागेचा गडी पंप सुरू करण्याआधी त्यात बादलीने पाणी ओतत होता.

"रोज ओतता का?" मी विचारलं.

"काय करता मास्तर, फुटवॉल गेलं. रातभर पाइपातलं सारं पाणी वापस विहिरीत जाते."

मी तिथेच बांधावर बसलो. गड्याला वाटलं मला ऊन लागलं, त्याने मला संत्रं सोलून दिलं.

घरी येऊन दुधावरची जाळी उचलली आणि कात्रीने सुपारी सोडवली. बायको बघत होती. "माझी जाळी उडन," म्हणाली, बाकी काही नाही. मी ती पुन्हा वायरीत जोडली. तीन दिवसांनी सकाळी पेटीचं कुलूप काढलं आणि बॅटरीला कान लावला. बुडबुडे फुटत होते. बोलत होती.

त्या रविवारी देव पूर्ण आकाराचे होते. गल्लीने विचारलं, बॅटरी नवी आणली का? तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, हो, नागपूरहून आणली. आणि कोणाला ओळखू येऊ नये म्हणून दुपारी मिस्त्रीच्याच बॅटरीला हिरवा रंग दिला. हिरवा अशासाठी की घरात दाराचा तोच उरला होता. म्हातारी म्हणाली, नागपूरची ती नागपूरची.

बायको त्या दिवसापासून एकच वाक्य म्हणायची. "जाऊन या ना पांढुर्ण्याले." पोळी वाढताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. शेवटी तिने पिशवीत संत्री भरली आणि मला बसमध्ये बसवलं.

सौंसर ते पांढुर्णा, अख्ख्या रस्त्याने मी पाठ करत गेलो. मिस्त्री, माझं चुकलं. मिस्त्री, ते फुटवॉल. शेजारचा प्रवासी सरकून बसला. दुकान शोधून काढलं. मिस्त्री एका चाकाचे आरे ओढून बसवत होता. मला पाहून उठला, स्टूल पुसलं, चहा सांगितला.

"जय भीम, मास्तर. या या. बॅटरी कशी आहे?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

"मी लय दिवसांपासून म्हणून राहिलो होतो, मास्तराले भेटून येतो. पण तोंड कसं दाखवू? माझ्या हातानं तुमचं नुकसान झालं. चार लोकात तुमाले हसू आणलं. काय झालं मले, अजून समजलं नाही. वय झालं असन हाताचं. मनात ठेवू नका."

मी तोंड उघडलं. आणि त्यातून जे बाहेर आलं ते असं: "जाऊ द्या मिस्त्री, होतं कधी कधी."

मी त्याला माफ करून परत आलो. संत्रीही त्याला दिली, म्हणजे वरून उदार दिसलो.

बायकोने विचारलं, "सांगतलं?" मी म्हणालो, "बोलणं झालं." तिने जाळीला नवा मणी लावला होता, तो नीट करत राहिली.

दुसऱ्या वेळी मी जास्त हुशारी केली. नुसतं जाऊन उभं राहायला काही कारण पाहिजे, म्हणून सायकलच बसच्या टपावर टाकून नेली, ट्यूबला घरीच कंपासच्या टोकाने भोक पाडून. खिशात ती सुपारी, त्या दिवसापुरती वायरीतून सोडवलेली. ठरवलं होतं, तो पंक्चर काढत असताना ती त्याच्यापुढे ठेवायची, तोंडाने काही बोलावंच लागणार नाही. मिस्त्रीने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, बोट फिरवलं.

"मास्तर, हा काटा नाही. कोणीतरी टोचलं."

"शाळेतली कार्टी असतील," मी म्हणालो.

"सौंसरवरून पंक्चर काढाले इथी आले?" तो हसला. "तिथी कोणी नाही का आता?" मग हसू थांबलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटतं, तेव्हा त्याने मला वाट करून दिली होती. दारच उघडून धरलं होतं. माझी मूठ खिशात होती, सुपारी घामाने ओली. मी विचारलं, हवा किती भरू? त्याने सांगितलं. मी हवा भरली आणि बस पकडली.

तिसऱ्यांदा गेलो ते बरंच नंतर. बायको गेल्यावर. जाण्याआधी दवाखान्यात ती शेवटचं जे धड बोलली त्यात पांढुर्णा होतं. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला होता. त्याने सांगितलं, मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारले. तुम्ही कोण? मी म्हणालो, गिऱ्हाईक. तो म्हणाला, लोक अजून विचारत येतात, हात चांगला होता म्हणतात सायकलवर. फक्त बॅटरीचं काम कधी घेत नव्हते. कोणी आणली तर म्हणायचे, त्यात माझा हात बसत नाही.

सुपारी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. हिरवी बॅटरी त्यानंतर सहा वर्षं चालली, हेही लिहून ठेवतो, कारण ते त्याचं काम होतं. मिस्त्रीच्या दुकानापुढे ज्या सहा जणांसमोर मी बोललो होतो, त्यांच्यापैकी एक जण अजून आहे. त्याला हे वाचून दाखवणार आहे. पण जे मिस्त्रीला सांगायचं होतं ते त्याला सांगून काही उपयोग नाही. ते एवढंच होतं, बसमध्ये पाठ केलेलं:

मिस्त्री, फुटवॉल लावलेलं नव्हतं. मी काढलं होतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं. तुमच्या कानाला बरोबर ऐकू येत होतं. माफ करा.